हमी कोणाची, तिजोरी कोणाची?

संघराज्याविषयीची चर्चा आपल्याकडे बहुतेकदा अधिकारांच्या वाटणीवर येऊन थांबते. राज्यपालांनी विधेयक किती काळ अडवून ठेवावं, जीएसटीतला वाटा कोणाला किती मिळावा, केंद्राच्या तपासयंत्रणेला राज्यात येण्यासाठी कोणाची संमती लागावी, असे प्रश्न मग पुढे येतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण धोरण ज्याच्यासाठी आखलं त्या माणसापर्यंत ते पोचतं की नाही, आणि हे पोचणं संघराज्याच्या रचनेवर कितपत अवलंबून असतं, हा प्रश्न त्यांच्या गर्दीत मागे पडतो. या प्रश्नासाठी महाराष्ट्राजवळ स्वतःचा, पन्नास वर्षांहून जुना दाखला आहे. रोजगार हमी योजना (रोहयो) या राज्यात जन्मली, राज्याच्या पैशावर तीन दशकं चालली, मग केंद्राने तीच कल्पना देशभर नेली आणि डिसेंबर २०२५मध्ये संसदेने तिची चौकट पुन्हा एकदा बदलली. एकच कल्पना तीन निरनिराळ्या आर्थिक व्यवस्थांतून गेल्याचं असं उदाहरण सहसा सापडत नाही, म्हणून पुढचा वाद तिच्याभोवती ठेवला आहे. शास्त्रग्रंथांच्या जुन्या रीतीप्रमाणे पूर्वपक्ष आधी बोलतो. त्याचं म्हणणं जितक्या बळकटपणे मांडता येईल तितकं मांडलं आहे, कारण ते खरोखरच बळकट आहे. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : भारताचा नागरिक आधी भारताचा आहे. तो गडचिरोलीत जन्मला की कोल्हापुरात, किशनगंजमध्ये की कोट्टायममध्ये, यावर त्याला पोटापुरतं काम मिळेल की नाही हे ठरता कामा नये. तुम्ही महाराष्ट्राच्या योजनेचा अभिमान बाळगता, आणि तो रास्तही आहे. पण त्या अभिमानाची दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्राने १९७७मध्ये कामाचा हक्क कायद्यात लिहिला. त्यानंतरच्या जवळजवळ तीन दशकांत दुसऱ्या एकाही राज्याने तसा कायदा केला नाही. बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, जिथे मजुराला या हमीची सर्वांत जास्त गरज होती, तिथे ती पोचलीच नाही. राज्यं एकमेकांकडून शिकतात, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. इथे एक अख्खी पिढी निघून गेली तरी कोणी शिकलं नाही. केंद्राने २००५मध्ये कायदा केला, २ फेब्रुवारी २००६ला दोनशे जिल्ह्यांत योजना सुरू झाली आणि १ एप्रिल २००८पासून ती सर्व ग्रामीण भारताला लागू झाली. राज्यांच्या मर्जीवर सोडलं असतं तर हे झालं नसतं. दुसरं उदाहरण करोनाच्या वर्षाचं. शहरांतून लाखो माणसं गावी परतली, राज्यांचं उत्पन्न आटलं, आणि नेमक्या त्याच वर्षी, २०२०-२१मध्ये, या योजनेतून ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम निघालं. सुमारे एक लाख अकरा हजार कोटी रुपये खर्च झाला. आपल्या राज्यघटनेप्रमाणे केंद्राचं कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायलाही केंद्राची परवानगी लागते. एवढा भार एखाद्या राज्याने उचलला असता का? धोरण परिणामकारक व्हायचं तर ते मोठ्या तिजोरीतून आणि एका नियमाने चालायला हवं.

उत्तरपक्ष : करोनाच्या वर्षाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. सगळीकडे एकदमच संकट कोसळतं तेव्हा केंद्राच्या तिजोरीला पर्याय नसतो. हमी देशभर पसरली ती केंद्रामुळे, हेही मी नाकारत नाही. पण जे पसरलं ते घडलं कसं, हे पाहिल्याशिवाय आपण परिणामकारकतेबद्दल बोलू शकत नाही. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीच्या त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग साठच्या दशकात तासगाव तालुक्यात झाला. १९७२चा दुष्काळ आला, दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसं राबत होती, आणि गावागावांतून शेतमजुरांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर येत होते. त्या दबावातून, वेगवेगळ्या पक्षांच्या सहमतीतून, दुष्काळापुरती असलेली गोष्ट कायमच्या हक्कात बदलली. आणि हा हक्क देताना राज्याने पैशाची सोयही केली. १९७५पासून व्यवसाय कर आला. पगारदाराच्या वेतनचिठ्ठीत दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये दिसतात ना, तो हाच कर. त्याच्या जोडीला काही करांवर अधिभार बसवला, आणि जमा होईल तितकीच रक्कम राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या मजुराची मजुरी निघणार, हे विधिमंडळाने उघडपणे मान्य केलं. म्हणजे हक्क कोणी दिला, पैसा कोणी उभा केला आणि काम नाही मिळालं तर जाब कोणाला विचारायचा, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे. सत्ता केंद्रात आहे की राज्यात, यावर धोरणाचं यश ठरत नाही. निर्णय, पैसा आणि उत्तरदायित्व एकाच जागी नांदतात का, यावर ते ठरतं. या तिघांची फारकत झाली की उत्तम कायदाही हळूहळू पोकळ होत जातो.

पूर्वपक्ष : तुम्ही स्वतःच तुमच्या विरुद्धचा पुरावा दिलात. मुंबई होती म्हणून व्यवसाय कर जमला. पाटण्याने कोणाच्या पगारातून कापायचा होता? श्रीमंत राज्याने गरिबांसाठी केलेली सोय, एवढंच तुमच्या गोष्टीतून सिद्ध होतं. आणि ती सोयही टिकली का? १९८८मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाशी जोडली, मजुरी वाढली आणि त्यानंतर कामावरची हजेरी जवळजवळ निम्म्यावर आली. मजुरांची गरज एकाएकी संपली असं नव्हे. खर्च वाढू नये म्हणून कामंच कमी काढली गेली, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच काढला होता. पुढे व्यवसाय कराची वसुली चालूच राहिली आणि रोहयोच्या नावाने गोळा झालेला पैसा पूर्णपणे रोहयोवर खर्च झालाच नाही. निर्णय, पैसा, उत्तरदायित्व सगळं एकाच जागी होतं. तरी हक्क आक्रसला.

उत्तरपक्ष : आक्रसला, आणि त्याची लाज महाराष्ट्राला वाटायला हवी. ज्या कराचं नावच मजुराच्या हमीशी जोडलेलं होतं तो पैसा पडून राहतो आणि गावात काम निघत नाही, याचं समर्थन करायला माझ्याजवळ शब्द नाहीत. संघराज्य म्हणजे सुशासनाची हमी, असा माझा दावा नव्हता. दावा एवढाच की चूक कोणाची हे कळण्याची आणि ती सुधारण्याची शक्यता तिथे जास्त असते. हा पैसा पडून असल्याचं कळलं कारण तो वेगळ्या निधीत होता. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती होती, तिच्यासमोर हिशेब यायचे. संघटनांनी मोर्चा काढला तो तहसीलदाराच्या दारात, आणि तहसीलदाराला पैसा दिल्लीतून आला नाही असं सांगण्याची सोय नव्हती. योजनेत बदल करायची मोकळीकही होती. खडी फोडणं आणि मातीकाम यांच्यापुढे जाऊन राज्याने १९९०मध्ये फळबाग लागवड रोहयोला जोडली. सोलापूर-नाशिकचं डाळिंब, कोकणातला आंबा आणि काजू यांच्या विस्तारात त्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. त्याचा लाभ भूमिहीनापेक्षा जमीनवाल्याला जास्त मिळाला, ही टीका खरी आहे आणि ती तेव्हाही झाली. पण पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांच्या पलीकडे काय करता येईल याचा विचार करायला राज्य मोकळं होतं, हे विसरता येत नाही. आता मुंबईचा मुद्दा. तो सर्वांत वजनदार आहे. पाटण्याला मुंबई नाही, हे खरं. म्हणूनच घटनेने वित्त आयोग निर्माण केला. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि तो वाटताना सर्वांत जास्त, ४५ टक्के, वजन राज्याचं दरडोई उत्पन्न किती मागे आहे या निकषाला दिलं. त्यामुळे २०२१ ते २०२६ या काळात बिहारचा वाटा दहा टक्क्यांच्या थोडा वर होता आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्येने बिहारहून मोठ्या असलेल्या महाराष्ट्राचा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. यात महाराष्ट्रावर अन्याय झाला, असं मी मानत नाही. मुंबईचा पैसा बीडला गेला तसा किशनगंजलाही गेला पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की तो गेल्यावर तिथलं सरकार त्याचं मालक असावं की केवळ वाटप करणारा हस्तक.

पूर्वपक्ष : हस्तकाचं कामसुद्धा ज्यांना जमत नाही त्यांना मालक करायचं? २००५च्या कायद्यात मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा होता, साहित्याच्या खर्चातला तीन चतुर्थांश वाटाही केंद्राचा. राज्याला जवळजवळ फुकटात मिळणारा पैसा होता हा. तरी २००९-१०च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतून काय दिसलं? काम हवं आहे पण मिळालं नाही, अशा कुटुंबांचं प्रमाण गरीब राज्यांतच जास्त होतं, आणि बिहार त्यांत फार वाईट अवस्थेत होता. जिथे गरज सर्वाधिक तिथे पैसा सर्वांत कमी वापरला गेला. तामिळनाडू, आंध्र, राजस्थान पुढे गेले. कारण त्यांच्याजवळ अभियंते होते, लेखनिक होते, पंचायतीत दप्तर ठेवणारी माणसं होती. क्षमता नसलेल्या राज्याला तुम्ही कितीही बिनशर्त पैसा द्या, मजुराच्या हातात काही पडणार नाही. तिथे वरून शिस्तच लावावी लागते.

उत्तरपक्ष : याच बिहारची, याच वर्षांतली दुसरी योजना पाहू. २००६मध्ये बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कल्पना राज्याची, पैसा राज्याचा, श्रेय घ्यायची आणि अपयश आलं तर शिव्या खायची तयारीही राज्याच्याच मुख्यमंत्र्यांची. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. २०००पर्यंत ज्याचा बिहारमध्येच समावेश होता त्या झारखंडशी त्यांनी तुलना केली, आणि माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रवेशाचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. शाळा गावापासून तीन किलोमीटरहून दूर होती तिथे परिणाम जास्त ठळक होता, म्हणजे वाढ सायकलीमुळेच झाली असं मानायला आधार आहे. तेच राज्य, तीच नोकरशाही, तेच रस्ते. दिल्लीने पूर्ण पैसा दिलेली योजना तिथे अडखळली आणि स्वतः आखलेली धावली. क्षमता नाही, एवढं म्हणून या फरकाचा उलगडा होत नाही.

पूर्वपक्ष : ही तुलना बरोबरीची नाही. सायकलीसाठी एकदा पैसे द्यायचे, शाळेतल्या समारंभात वाटायचे, प्रकरण मिटलं. रोहयोत रोजचं मस्टर, कामाचं मोजमाप, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, आठवड्याची मजुरी. सोपी योजना यशस्वी झाली म्हणून अवघड योजनाही होईल, असं कसं म्हणता?

उत्तरपक्ष : तसं मी म्हणत नाही, आणि हा आक्षेप बराचसा योग्य आहे. रोहयो ही भारतातल्या प्रशासनाला सर्वांत कठीण पडणाऱ्या योजनांपैकी एक आहे. पण जरा पुढे जाऊन विचार करा. आपल्या यंत्रणेला काय झेपेल हे बिहार सरकारला ठाऊक होतं, म्हणून त्याने सायकल निवडली. शाळेत शिक्षक येतील की नाही याची खात्री देता येत नव्हती, पण मुलीला शाळेपर्यंत नेणारं साधन देता येत होतं. आपल्या मर्यादा ओळखून धोरणाचं साधन निवडणं, हीसुद्धा क्षमताच आहे आणि ती फक्त निर्णय घेणाऱ्याच्याच अंगी येते. दिल्लीतून आलेल्या एकाच मार्गदर्शिकेला किशनगंजच्या गटविकास अधिकाऱ्याची अडचण आणि कोट्टायमच्या अधिकाऱ्याची अडचण वेगळी दिसत नाही. केरळात १९९६च्या लोकनियोजन मोहिमेने स्थानिक स्वराज्य संस्थांना नियोजनाच्या रकमेतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा दिला होता, म्हणून तिथल्या पंचायतींना अशी योजना चालवणं तुलनेने सोपं गेलं. बिहारच्या पंचायतींना तशी सवय कधी लागलीच नव्हती. क्षमता आधी यावी, मग अधिकार द्यावेत, असा क्रम धरला तर क्षमता कधीच येत नाही. ती कामातून, चुकांतून आणि त्या चुकांचा जाब द्यावा लागल्यामुळेच तयार होते.

पूर्वपक्ष : केरळचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. राज्याच्या अधिकाराबद्दल बोलणारे तुम्ही, राज्य स्वतःच्या ग्रामपंचायतींना काय देतं याबद्दल गप्प का? महाराष्ट्राची रोहयो चालत होती जिल्हाधिकारी कचेरीतून. कोणतं काम काढायचं हे ग्रामसभेला कोण विचारत होतं? निम्मी कामं तरी ग्रामपंचायतींमार्फत झाली पाहिजेत ही अट केंद्राच्या कायद्याने घातली. तुमची संघराज्यता मुंबईपर्यंत येऊन थांबते.

उत्तरपक्ष : हा घाव वर्मी लागतो. महसूल खात्याच्या हाती रोहयो ठेवून महाराष्ट्राने ग्रामसभेला बाहेर ठेवलं, आणि ज्या राज्याला पंचायत राज्याचा एवढा अभिमान आहे त्याला हे शोभलं नाही. केंद्राच्या कायद्याने त्या बाबतीत आपलं भलंच केलं. माझा निकष राज्याच्या बाजूने झुकलेला नाही, तो तसाच्या तसा खालीही लागू होतो. गावातल्या कामाचा निर्णय गावात व्हावा, पैसा गावाच्या नावाने यावा, आणि नाला चुकीच्या जागी बांधला तर सरपंचाला गावातच उत्तर द्यावं लागावं. केंद्राचं काम किमान मर्यादा आखण्याचं आहे, अशी मर्यादा की तिच्याखाली कोणतंही राज्य, कोणताही जिल्हा जाऊ शकणार नाही. ग्रामसभेचा अधिकार ही अशीच किमान मर्यादा. पुढे झालं ते वेगळं. किमान मर्यादा आखण्याबरोबरच केंद्राने वरचा प्रत्येक तपशीलही स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली.

पूर्वपक्ष : घ्यावाच लागला, कारण खालून चोरी होत होती. खोटी मस्टरं, मेलेल्या माणसांची नावं, यंत्राने केलेलं काम मजुरांच्या नावावर, ठेकेदारांची साखळी, हे सगळं तुम्हालाही माहीत आहे. पैसा केंद्राचा असेल तर तो कुठे जातो हे पाहण्याचा अधिकारही केंद्राचा. म्हणून मजुरी थेट मजुराच्या बँक खात्यात जाऊ लागली, २०२३पासून कामावरची हजेरी ॲपवर छायाचित्रांसह नोंदवणं सक्तीचं झालं, २०२४पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावर. पश्चिम बंगालमध्ये गैरव्यवहार आढळले तेव्हा मार्च २०२२मध्ये निधी थांबवण्यात आला. याहून जबाबदार वागणं कोणतं?

उत्तरपक्ष : तपासणी आणि ताबा यांत फरक आहे. चोरी पकडण्याचं या योजनेतलं उत्तम साधन कुठून आलं ते पाहा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात जनसुनावण्या घेतल्या. गावातल्या कामाचं मस्टर गावासमोर वाचून दाखवायचं आणि ज्याचं नाव त्यात आहे त्यालाच विचारायचं, पैसे मिळाले का. आंध्र प्रदेशाने ती पद्धत सरकारी चौकटीत आणली, २००९मध्ये सामाजिक अंकेक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी केली, आणि २०११मध्ये केंद्राने देशभरासाठी अंकेक्षणाचे नियम केले. आंध्रनेच स्मार्टकार्डांवरून मजुरी देण्याचा प्रयोग केला, तोही आधी काही मंडलांत राबवून आणि उरलेल्यांशी तुलना करून. मजुरी लवकर मिळू लागली आणि गळती कमी झाली, हे त्या तुलनेतून दिसलं. संघटनेकडून राज्याकडे, राज्याकडून केंद्राकडे, अशा वाटेने सुधारणा वर आली. उलट वाटेने जे आलं त्याची स्थिती वेगळी आहे. जिथे मोबाइलला नेटवर्क मिळत नाही त्या डोंगरातल्या कामावर ॲपवर हजेरी लागली नाही, तर दिवसभर खोदकाम केलेल्या बाईचा तो दिवस बुडतो. मजुरी पंधरा दिवसांत मिळावी आणि उशीर झाला तर भरपाई द्यावी, असं कायदा सांगत होता. पण राज्याने सही करून आदेश पुढे पाठवला की भरपाईचा हिशेब तिथेच थांबत असे; त्यानंतर केंद्राकडून पैसे यायला लागलेला वेळ त्यात धरलाच जात नव्हता. ज्याच्या हाती पैसा होता त्याच्यावर उशिराची जबाबदारी नव्हती. मजुरीचा दरही केंद्रच ठरवू लागलं. २०२५-२६साठी तो हरियाणात ४०० रुपये आणि महाराष्ट्रात ३१२ रुपये होता, आणि अनेक राज्यांत हा दर त्या राज्याने स्वतः शेतमजुरांसाठी ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी राहिला.

आणि पश्चिम बंगालचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. गैरव्यवहार झाला असेल तर त्या अधिकाऱ्यांवर, त्या ठेकेदारांवर खटले भरा, पैसे वसूल करा. तीन वर्षांहून अधिक काळ संपूर्ण राज्याचा निधी थांबला, तेव्हा शिक्षा कोणाला झाली? ज्यांनी घाम गाळून काम केलं होतं आणि ज्यांची मजुरी थकली होती त्यांना. कोलकात्याच्या उच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये योजना पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचं आव्हान फेटाळलं. तोवर राज्य सरकार केंद्राकडे बोट दाखवत होतं, केंद्र राज्याकडे, आणि दोघांनाही आपापल्या मतदारांसमोर सांगायला गोष्ट मिळाली होती. १९७३मध्ये मोर्चा घेऊन तहसीलवर गेलेल्या मजुराला कोणाशी भांडायचं हे माहीत होतं. पुरुलियाच्या मजुराला तेही माहीत नव्हतं. हक्क दिल्लीने दिलेला, नोंद गावातली, पैसा अडलेला भलतीकडेच.

पूर्वपक्ष : मग डिसेंबर २०२५च्या नव्या कायद्याचं तुम्ही स्वागत करायला हवं. हमी शंभर दिवसांवरून एकशे पंचवीस दिवसांवर गेली, आणि खर्चात राज्यांचा वाटा चाळीस टक्के झाला. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी दहा टक्के. राज्यांनी स्वतःचे पैसे घातले की ती नीट लक्ष देतील, हेच तर तुम्ही इतका वेळ सांगत आहात. पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं थांबवायची मुभाही राज्यांना आहे, म्हणजे स्थानिक गरजेचा विचारही झाला.

उत्तरपक्ष : पैसे घालणं हा माझ्या अटींपैकी एकच भाग होता. नव्या रचनेत राज्याकडे बिल आलं, निर्णय आला नाही. कोणत्या राज्याला किती रक्कम द्यायची हे केंद्र ठरवणार आणि त्याहून जास्त काम निघालं तर वरचा सगळा खर्च राज्याने करायचा. मजुरीचा दर केंद्राचा, हजेरीची पद्धत केंद्राची. आधीच्या कायद्यात निदान मागणी वाढली की केंद्राचा खर्च वाढत होता, म्हणूनच करोनाच्या वर्षी तुम्ही सांगितलात तो चमत्कार घडला. आता ठरावीक रकमेच्या पुढे मागणी गेली तर अर्थ खात्याच्या दृष्टीने राज्याचं हित कमी काम काढण्यातच राहील. १९८८नंतर महाराष्ट्रात जे घडलं, ते घडण्याची सोय देशभर झाली. आणि साठ-चाळीसचं प्रमाण महाराष्ट्राला आणि बिहारला सारखंच. मुंबईच्या मुद्द्यावर तुम्ही मला अडवलं होतंत, तो मुद्दा इथे तुमच्याच विरोधात उभा राहतो. महाराष्ट्र आपले चाळीस टक्के भरू शकेल. ज्यांना या हमीची सर्वाधिक गरज आहे ती राज्यं हात आखडतील. वित्त आयोगाने ज्या तत्त्वावर कर वाटले ते तत्त्व इथे का लावलं नाही?

पूर्वपक्ष : मग तुमची रचना काय? केंद्राने पैसा द्यावा आणि प्रश्न विचारू नयेत, एवढीच?

उत्तरपक्ष : प्रश्न विचारावेत, कडकपणे विचारावेत, फक्त ते निष्पत्तीबद्दल असावेत. किती जणांनी काम मागितलं, किती जणांना पंधरा दिवसांत मिळालं, किती जणांची मजुरी वेळेवर गेली, एवढं दर महिन्याला जाहीर करायची सक्ती केंद्राने करावी आणि त्याचं अंकेक्षण राज्य सरकारच्या हाताखाली नसलेल्या संस्थेने करावं. दिवसांची किमान मर्यादा केंद्राची असावी, आणि मजुरी राज्याच्या किमान वेतनाखाली जाऊ नये ही अटही केंद्राचीच असावी. राज्याचा वाटा दरडोई उत्पन्नाप्रमाणे बदलावा. महाराष्ट्राने, गोव्याने, कर्नाटकाने जास्त द्यावं, बिहार-झारखंडने नाममात्र. कामं कोणती, हंगाम कोणता, हजेरी कशी, हे राज्याने आणि ग्रामसभेने ठरवावं. महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही. १९७७चा आपला कायदा, पुढे दुरुस्त्या होऊन का होईना, अजून कायद्याच्या पुस्तकात आहे आणि व्यवसाय कर अजून पगारातून कापला जातो. केंद्राची रक्कम संपेल तिथून पुढची हमी राज्य स्वतः देईल असं विधिमंडळाने एका ठरावाने सांगावं, आणि त्या कराचा पै-पैचा हिशेब दर अधिवेशनात रोहयो समितीसमोर ठेवावा.

पूर्वपक्ष : आणि तरीही राज्याने काम दिलं नाही तर?

उत्तरपक्ष : तर बेरोजगार भत्ता. तोच २००५च्या कायद्याचा कणा होता, आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत कमी वेळा दिला गेला. काम न देण्याची किंमत राज्याला मोजावी लागावी म्हणून तो राज्यावर ठेवलेला होता आणि कल्पना चांगली होती. पण पैसा केंद्राने अडवला म्हणून काम थांबलं, तरी भत्ता राज्यानेच द्यायचा, असा प्रकार झाला तर राज्य तो टाळण्यासाठी मागणीच नोंदवून घेत नाही. ग्रामरोजगार सेवक मजुराला अर्ज लिहू देत नाही, दिला तर पोच देत नाही. पोच नसली की मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्ता नाही, आणि आकडेवारीत ते गाव समाधानी दिसतं. म्हणून माझी पहिली मागणी अर्जाच्या पोचपावतीची आहे, कागदावरची, तारखेसह. दुसरी अशी की ज्याच्यामुळे काम थांबलं, त्याच्याच तिजोरीतून भत्ता जावा. निधी अडवला तर केंद्राच्या, काम मंजूर केलं नाही तर राज्याच्या, आणि हे कोणी केलं याचा निवाडा करण्याचं काम दोघांच्याही बाहेरच्या, जिल्ह्यात बसणाऱ्या लोकपालाकडे असावं.